पन्नासच्या आधीचा कागद

माझ्याकडे जातीचा दाखला दहावीपासून होता. २००४ साली वडिलांनी दोन दिवसांची हमाली बुडवून तो काढला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून कपाटात ठेवला. त्यामुळे जात पडताळणी म्हणजे त्याच दाखल्यावर आणखी एक शिक्का, एवढंच मला वाटत होतं. तो शिक्का मिळायला नऊ महिने लागले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणीही पडताळणी केलेली नव्हती, त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय. लांबलं तर माफ करा.

मी वाढले गुलटेकडीला, मार्केटयार्डाजवळच्या आंबेडकरनगरात. वडील भुसार बाजारात हमाल, आई सहकारनगरात चार घरची धुणीभांडी करायची. २००६ ला बारावी झाले, २००७ ला लग्न, मग दोन मुलं. २०१६ पासून शिवाजीनगर कोर्टाजवळ एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते. दिवसभर लोकांची शपथपत्रं, भाडेकरार, नोटिसा. दुसऱ्यांसाठी 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की' इतक्या वेळा टाइप केलं की एक दिवस वाटायला लागलं, हे आपल्यालाही जमेल. २०२० ला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं आणि तिसऱ्या वर्षात आल्यावर ठरवलं, तीन वर्षांचं एलएल.बी. करायचं.

मुक्त विद्यापीठाची पदवी लॉला चालते का, हा पहिला घोर. चालते, पण आधी रीतसर दहावी-बारावी झालेली पाहिजे. बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट बी.ए. केलेल्यांना अडचण येते. माझी बारावी होती. पदवीला आम्हाला चाळीस टक्के लागतात, खुल्या गटाला पंचेचाळीस. तेही जमणार होतं. वयाची अट नाही, हे कळल्यावर मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून नवऱ्याला फोन केला होता. तो रिक्षात होता, पॅसेंजर बसलेला. "बरं, मग कर की," म्हणाला आणि ठेवून दिला.

पण राखीव जागेवर प्रवेश हवा आणि फीची सवलत हवी, तर जातवैधता प्रमाणपत्र हवं, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र. विनाअनुदानित कॉलेजची फी भरून शिकणं आमच्या घरात शक्यच नव्हतं. म्हणजे आधी पडताळणी, मग बाकी सगळं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अभ्यासकेंद्रावर एका वर्गमैत्रिणीने सांगितलं की अर्जासोबत १५-ए नावाचा एक नमुना लागतो आणि त्यावर तुम्ही शिकता त्या संस्थेच्या प्रमुखाची सही-शिक्का लागतो. इथे मी नशिबाने वाचले. बी.ए. संपल्यावर जागी झाले असते, तर सही कुणाची आणायची हाच प्रश्न पडला असता. तुम्ही कुठेतरी शिकत असाल, मग ते बारावी असो की पदवीचं शेवटचं वर्ष, तेव्हाच हा अर्ज करून टाका. प्रवेश परीक्षेचा निकाल लागल्यावर करू म्हणणाऱ्या तीन मुली मला पुढे रांगेत भेटल्या. तिघींचेही डोळे रडून सुजलेले होते.

अर्ज भरायला बसले आणि लक्षात आलं की मी कागदावर दोन बायका आहे. जातीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधार आणि बी.ए.चे सगळे कागद नवऱ्याच्या नावाने. लग्न झालं तरी बाईची जात तिच्या वडिलांकडूनच धरतात, त्यामुळे सासरचा एकही कागद कामाचा नाही. पण या दोन बायका एकच आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला लागतो, आणि आमच्या लग्नाची नोंदणीच झालेली नव्हती. पंधरा वर्षांत कधी गरज पडली नाही.

महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्याची सही मागितली. पत्रिका सासूबाईंच्या ट्रंकेत सापडली, हळदीचे डाग पडलेली. आमचं लग्न लावलेले बौद्धाचार्य आता धायरीला मुलाकडे राहतात. त्यांना दोन पायऱ्या चढायलाही त्रास होतो. मी सहीसाठी गेले तर त्यांनी आधी माझी दोन्ही मुलं कितवीत आहेत ते विचारलं, मी काय शिकते ते विचारलं, आणि मग चष्मा पुसून सावकाश सही केली. उशिराचा दंड किरकोळ होता. पण नोंदणीत तीन आठवडे गेले. लग्न झालेल्या बायकांनी हे काम आधी करून ठेवावं, पडताळणी करायची असो वा नसो.

९ जानेवारी २०२३ ला ऑनलाइन अर्ज भरला. हे पोर्टल बार्टीचं, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं आहे. सायबर कॅफेवाल्याने सांगितलं की शपथपत्रं स्टँपपेपरवरच लागतील, स्टँप मीच देतो. सरकारी कार्यालयात द्यायच्या शपथपत्रांना २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, हे मला कामामुळे माहीत होतं, म्हणून तेवढे पैसे वाचले. साध्या कागदावर टाइप केलं तरी चालतं. दोन शपथपत्रं असतात, नमुना तीन आणि नमुना सतरा. त्यातल्या नमुना तीनमध्ये वंशावळ द्यायची असते.

वंशावळ मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत टाइप केली. पणजोबा, त्यांच्याखाली आजोबा, त्यांच्याखाली वडील, काका आणि आत्या, मग मी आणि चुलत भावंडं. आत्याचं नाव येतं, पण तिच्या नावाखाली रेघ जात नाही. आईचं नाव कुठेच येत नाही. ज्या बाईने भांडी घासून माझी बारावीपर्यंतची फी भरली, तिच्यासाठी त्या पानावर चौकटच नाही. नियम काय आहे ते मला कळतं. तरी प्रिंट काढल्यावर मी तो कागद घरी नेला नाही, ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच ठेवला.

आता खरा विषय. अनुसूचित जातींसाठी मानीव दिनांक आहे १० ऑगस्ट १९५०. राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला तो हा दिवस. तुमच्या वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाचा तरी या तारखेच्या आधीचा, जात लिहिलेला कागद असेल तर प्रकरण पक्कं होतं. शाळेचा दाखला, जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचा कागद, काहीही. आणि नात्यात कुणाला आधीच वैधता मिळालेली असेल तर निम्मं काम झालेलंच असतं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

वडिलांचा चौथीचा दाखला होता, पण त्यांचा जन्मच १९६० चा. म्हणजे आजोबांपर्यंत जायला पाहिजे. आजोबा अंगठेबहाद्दर होते असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही त्यांच्या नातीने शाळेचा दाखला आणायचा! मी हे आमच्या वकीलसाहेबांना चिडून म्हणाले. ते म्हणाले, "अंगठेबहाद्दर होते हे तुला कुणी सांगितलं? त्यांनी?" मी म्हटलं, नाही, ते मी जन्मायच्या आधीच गेले. "मग बघून तर ये."

आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. १९७२ च्या दुष्काळात आजोबा सगळं बिऱ्हाड घेऊन पुण्याला आले आणि परत गेले नाहीत. पुढे उजनी धरण झालं आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, लोक होड्या करून बघायला जातात, फोटो काढतात. आमच्या महारवाड्याचं काही वर येत नाही. मातीच्या भिंती होत्या, त्या पहिल्याच वर्षी विरघळल्या असणार.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी सहाची स्वारगेट-इंदापूर एसटी पकडली. तिकीट दोनशेच्या वर. नव्या गावठाणातल्या शाळेत गेले. तिथल्या गुरुजींनी बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, पंचावन्न सालाच्या आधीचं दप्तर नाही, वाळवीने खाल्लं. बघू द्या म्हटलं तर म्हणाले, कपाटाची चावी ज्यांच्याकडे आहे ते आज रजेवर आहेत. चार तास गेले. परत येताना भिगवणच्या पुढे मला बसमध्ये रडू आलं. शेजारी बसलेल्या आजींनी काही न विचारता पिशवीतला पेरू काढून दिला.

त्या दिवसाची रजा बिनपगारी झाली. घरी सासूबाई एवढंच म्हणाल्या, "नाही सापडला तर राहू दे, तुझी नोकरी आहेच की." वाईट हेतूने म्हणाल्या नव्हत्या. पण 'राहू दे' हे शब्द मी बारावीनंतरही ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी मी माहिती अधिकाराचा अर्ज टाइप केला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक पान. त्यात एकच प्रश्न ठेवला: १९३५ ते १९५० या काळातली शाळेची जनरल रजिस्टरं (मुलांच्या नोंदीची पुस्तकं) आज कुठे आहेत, आणि नष्ट झाली असतील तर ती नष्ट केल्याची नोंद द्यावी. अर्ज पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला पोस्टाने पाठवला. 'वाळवीने खाल्लं' हे तोंडी सांगणं सोपं असतं, लिहून देणं अवघड. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. मला चोविसाव्या दिवशी फोन आला. तिथल्या एका बाईंनी फार आपुलकीने सांगितलं, "ताई, तुमचं गाव उठलं तेव्हा शाळेचं जुनं दप्तर शेजारच्या गावच्या शाळेत गेलं. ते तिथंच राहिलंय. तुम्ही तिकडं जा, मी मुख्याध्यापकांना सांगते." धरणात गेलेलं गाव असो किंवा बंद पडलेली शाळा, दप्तर कुठे गेलं ते गटशिक्षणाधिकारी कार्यालयातच कळतं. मी आधी तिथे गेले असते तर एक खेप वाचली असती.

दुसऱ्या वेळी गेले ती मार्चअखेर. १७ मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे आईलाही बरोबर घेतलं. आईला त्या गावचं कुणी माहीत नव्हतं, ती लग्न होऊन थेट मार्केटयार्डातच आलेली. पण म्हणाली, तू मागच्या वेळी उपाशी आलीस, मी भाकरी घेते.

शेजारच्या गावच्या मुख्याध्यापकांनी एक पत्र्याची पेटी काढून व्हरांड्यात ठेवली आणि म्हणाले, "बसा निवांत. पानं जपून उलटा." लांबट रजिस्टर, कापडी पुठ्ठा, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. मी १९३८ पासून सुरुवात केली. नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. पाटील, माळी, मराठा, धनगर, वाणी. आमची माणसं फार कमी. एका पानावर एक, मग पाच पानं कुणीच नाही. मुलगी तर पहिल्या तीन वर्षांत एकही दिसली नाही, आमची तर नाहीच.

दीड वाजता १९४१ च्या पानावर आले. 'धोंडी सखा महार.' वय आठ. जात महार. वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याचं कारण: सतत गैरहजर.

आईला वाचून दाखवलं. आईने बोट लावून तो शब्द कुठे आहे ते विचारलं. तिला वाचता येत नाही. तिने सासऱ्यांच्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग म्हणाली, "मामंजी शाळेत गेले होते होय? कुणाला बोलले नाहीत कधी." नोंदीतल्या तारखांप्रमाणे ते पंधरा महिने शाळेत गेले होते. पंधरा महिन्यांनी सुटली म्हणून ती शाळा कुणाला सांगायची, असं त्यांना वाटलं असेल. की लाजले, की विसरले, कोण जाणे.

निर्गम उतारा, म्हणजे रजिस्टरमधल्या त्या नोंदीची नक्कल, त्याच दिवशी मिळाला, सही-शिक्क्यासह. मुख्याध्यापकांनी पैसे घेतले नाहीत. जाता जाता इंदापूरला तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीच्या, नकलेसाठीही अर्ज टाकला. ती नोंद महिन्याने मिळाली, मोडीत. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी तीनशे रुपयांत लिप्यंतर करून दिलं: 'सखा महार यास मुलगा झाला.' मुलाचं नाव नाही. जुन्या जन्मनोंदींत बहुतेक वेळा असंच असतं, त्यामुळे तेवढ्या एकाच कागदावर भिस्त ठेवू नका.

'महार' या शब्दाबद्दल मला थोडं थांबायचंय. नागपूरच्या दीक्षेनंतर वर्षभरातच आजोबांनी दीक्षा घेतली. आजीने घरातले देव भीमेत सोडले. पुढे त्यांनी आडनाव बदललं, आणि आमच्या घरात जात विचारली की 'बौद्ध' एवढंच उत्तर द्यायचं, हे आम्हाला पाठ होतं. वडिलांच्या दाखल्यावर 'नवबौद्ध' आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातींत धरलं गेलं, पण आधीची जात कुठली होती हे मात्र कागदाने दाखवावंच लागतं. म्हणजे घरातल्यांनी जो शब्द मान ताठ करून टाकून दिला, तोच शोधत मी दोनशे ऐंशी किलोमीटरचा जाऊन-येऊन प्रवास दोनदा केला, आणि तो सापडल्यावर मला आनंद झाला. तो आनंद कसला होता हे मला अजून नीट सांगता येत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फाइल पडताळणी समितीकडे जमा केली. मूळ कागद दाखवायचे, साक्षांकित प्रती द्यायच्या, पावती जपायची. मेच्या सुरुवातीला लॉची प्रवेश परीक्षा, सीईटी, झाली. मुलं आजोळी पाठवून पंधरा दिवस रात्री अभ्यास केला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडला नाही. गुण बेताचेच पडले. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही.

१२ जूनला मोबाइलवर मेसेज आला: प्रकरणात त्रुटी. लॉगिन करून बघितलं. अर्जदाराचे आजोबा आणि १९४१ च्या नोंदीतला 'धोंडी सखा महार' ही एकच व्यक्ती असल्याचा पुरावा सादर करावा.

मला रागच आला आधी. पण मी स्वतः रोज हेच काम करते. माझ्यासमोर असा कागद आला असता तर मीही हेच विचारलं असतं. रजिस्टरमध्ये आडनावाच्या जागी जात लिहिलेली, वडिलांच्या दाखल्यात बदललेलं आडनाव, आणि 'धोंडी'चा 'धोंडिबा' झालेला. मधली कडीच नव्हती. आजोबा भूमिहीन, त्यामुळे सातबारा नाही, फेरफार नाही. काकांच्या घरी विचारलं. त्यांचे कागद २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याला पूर आला त्यात गेले. नुसतं शपथपत्र देऊन बघू, असं काका म्हणाले. वकीलसाहेब म्हणाले, शपथपत्राला जोडायला काहीतरी शोध.

आत्याकडे जायचं माझ्या डोक्यातच नव्हतं. इतके महिने मी काका, चुलत भाऊ, चुलत चुलते सगळ्यांना फोन केले आणि आत्याला एकदाही नाही. वंशावळीत तिच्या खाली रेघ जात नाही हे मीच टाइप केलं होतं, ते बहुधा डोक्यात बसलं. आईनेच आठवण केली, "कौसाबाईंना विचारलंस का? त्या शाळेत जायच्या."

आत्या दापोडीला राहते. वय सत्तरीकडे झुकलेलं, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. मी काय शोधतेय ते सांगितल्यावर म्हणाली, "आता आलीस होय? सगळ्या बाप्यांना विचारून झालं?" मग सुनेला माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. साड्यांच्या खाली, बाबासाहेबांच्या एका जुन्या कॅलेंडरच्या फोटोमागे, घडी घालून ठेवलेला तिचा चौथी पासचा दाखला. १९६७ चा. 'विद्यार्थिनीचे संपूर्ण नाव: कौसल्या धोंडी महार.' आणि त्यापुढे कंसात, त्याच शाईने, आमचं आजचं आडनाव.

आत्याने त्याची गोष्ट सांगितली. दाखला आणायला आजोबा स्वतः गेले होते. गुरुजींनी रजिस्टरात होतं तसं 'महार' लिहिलं. आजोबा म्हणाले, आता आम्ही ते आडनाव लावत नाही. गुरुजी म्हणाले, रजिस्टरात आहे तेच मला लिहावं लागतं. आजोबा तिथून हललेच नाहीत. शाळा सुटेपर्यंत पायरीवर बसून राहिले. शेवटी गुरुजींनी कंस टाकला. "शाळेत पाणी वरनं ओतायचे ओंजळीत," आत्या म्हणाली, "पण गुरुजी तसा भला होता. कंस तरी टाकला." तिला पाचवीला घालायची आजोबांची तयारी होती, पण पाचवीची शाळा सहा मैलांवर. मग लग्न झालं. "तुझ्या बापाला धाडलं असतं सहा मैल," एवढं म्हणून ती चहाला उठली.

जुने कागद लॅमिनेट करू नका, हे इथे सांगते. आत्याची सून करायला निघाली होती. लॅमिनेट केलं की मूळ शाई-शिक्का तपासता येत नाही, आणि कागद घडीवर फाटलेला असला तरी चालतो.

आत्याच्या दाखल्याची साक्षांकित प्रत, तिचं स्वतःचं शपथपत्र आणि माझा खुलासा २३ जूनला ऑनलाइन टाकला आणि प्रत्यक्ष नेऊनही दिला. जुलैच्या मध्यात मूळ कागदांसह हजर राहायला सांगितलं. आत्या रिक्षातून आली, नवऱ्यानेच आणली, त्या दिवशी त्याने मीटर टाकलं नाही. तिथल्या अधिकारी बाईंनी दाखला उजेडाकडे धरून बघितला, आत्याला दोन-तीन प्रश्न विचारले, आणि विचारलं, "इतकी वर्षं जपून कसा ठेवलात?" आत्या म्हणाली, "बाई, माझ्याकडं दुसरं होतं काय जपायला?" प्रकरण दक्षता पथकाकडे, म्हणजे घरी-गावी जाऊन चौकशी करणाऱ्यांकडे, गेलं नाही.

११ ऑगस्टला, शुक्रवारी, प्रमाणपत्र आलं. मी ऑफिसात एक मुखत्यारपत्र टाइप करत होते. पीडीएफ उघडली, नाव नीट आहे ना ते तीनदा वाचलं, मग मुखत्यारपत्र पुरं केलं. बी.ए.चा निकालही त्याच सुमाराला लागला. त्या वर्षी लॉच्या प्रवेशफेऱ्या लांबल्या, एरवी त्याला मी नावं ठेवली असती. दुसऱ्या फेरीत पुण्यातच एका कॉलेजला नंबर लागला, सकाळच्या वर्गाला. साडेसात ते साडेअकरा कॉलेज, मग ऑफिस. मग महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, फीच्या सवलतीचा अर्ज. त्याची कथा वेगळीच आहे, ती पुन्हा कधी. एवढंच सांगते की बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते आधी बघा.

खर्च विचारतात म्हणून: प्रवास, झेरॉक्स, विवाह नोंदणी, मोडीचे तीनशे, पोस्ट, रिक्षा असं सगळं मिळून चार हजार दोनशे. अकरा दिवस रजा, त्यातल्या सहा बिनपगारी. एका एजंटाने सुरुवातीला पंधरा हजार सांगितले होते, 'कागद नसला तरी करून देतो' म्हणून. खोट्या कागदावर मिळालेली वैधता पुढे कधीही रद्द होते आणि गुन्हाही दाखल होतो. मी त्याचा नंबर त्याच दिवशी उडवला होता. फेब्रुवारीत मात्र, भिगवणच्या पुढे, तो नंबर ठेवायला हवा होता असं एकदा वाटून गेलं होतं, हेही लिहिते.

गेल्या महिन्यात काकांच्या नातीचा फोन आला. बारावी सायन्सला आहे, तिला नर्सिंगला जायचंय. "आत्या, तुझी व्हॅलिडिटी पाठव ना, सर म्हणाले रक्ताच्या नात्यातली असली की लवकर होतं." मी तिला प्रमाणपत्र, आजोबांचा निर्गम उतारा आणि वंशावळ, सगळं पाठवलं. त्या वंशावळीत तिच्या मुलांपर्यंत रेघ जाणार नाही, पण सध्या तिला त्याची गरज नाही.

तिला आत्याच्या दाखल्याची प्रतही पाठवावी म्हणून फाइल उघडली, तर मूळ दाखला अजून माझ्याकडेच. रविवारी दापोडीला जाऊन आले. आत्याला आधी साक्षांकित रंगीत प्रत दिली, म्हटलं ही ठेव, मूळ माझ्याकडे लॉकरमध्ये राहू दे, सुरक्षित राहील. तिने प्रत बाजूला सारली.

"ती तूच ठेव. माझा मला दे."